दोन बोटं मिशी

नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका डेअरीत मी केमिस्ट होते. दुधाचं फॅट मोजायचं, आंबलेलं दूध परत पाठवायचं आणि त्यावरून दूध घालणाऱ्यांशी भांडायचं, हे माझं काम. भांडण मला जमायचं. ही नाकावर माशी बसू देत नाही, असं सगळे म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दूध थंड करायला आमच्याकडे अमोनिया गॅस होता. कॉम्प्रेसरच्या खोलीतून जाड पाइप निघायचे, त्यांतून तो फिरायचा. पाइपात आहे तोवर गरीब गाय. बाहेर आला की डोळे, घसा, छाती काही सोडत नाही आणि बंद खोलीत जास्त कोंडला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. गळती झाली की आमची माणसं टॉवेल भिजवून तोंडाला गुंडाळायची आणि आत घुसून व्हॉल्व्ह बंद करायची. एकदोनदा ते निभावलं होतं, त्यामुळे ओल्या टॉवेलावर सगळ्यांची श्रद्धा बसलेली. मग वरून हुकूम आला, कामगारांना रीतसर प्रशिक्षण द्या. मॅनेजरसाहेबांनी मला आठ दिवस पुण्याला शिकायला पाठवलं आणि मी सहा मास्क, एक जाड वही आणि भरपूर आगाऊपणा घेऊन परत आले.

कॅन धुण्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. चौदा माणसं पालथ्या कॅनवर बसायची आणि मी हातात डस्टर घेऊन उभी. पहिल्या दिवशी छतावरच्या बांबूला माझ्या आईच्या जुन्या साडीची पट्टी बांधली. गॅस सुटला की आधी पट्टी बघायची, वारा कुठं चाललाय ते ओळखायचं आणि त्याला आडवं पळायचं. दुसऱ्या दिवशी टॉवेलावर आले. ‘ओल्या टॉवेलानं बाहेर पळता येतं, आत जाता येत नाही,’ हे फळ्यावर लिहून चौघाचौघांकडून मोठ्यानं वदवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मास्क काढले.

मास्क नाकातोंडावर बसणारा, रबरी; डोळ्यांना वेगळा चष्मा. पुढं गॅस गाळणारी डबी. डबीचं तोंड तळहातानं झाकायचं आणि श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटला तर बरोबर बसला, फुसफुस झाली तर कडेनं हवा येतेय. त्यावर माझी आणखी एक परीक्षा होती. लॅबमधल्या पातळ अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा मी चिमट्यात धरून मास्कच्या कडेकडेनं फिरवायची. वास आला की नापास. दोघातिघांना दाढी करून या म्हणून घरी पाठवलं, बाकीचे पास झाले. शेवटी राहिला कॉम्प्रेसर चालवणारा ऑपरेटर.

हा पळसदेवचा. डेअरीजवळच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला गावी जायचा. मशीनच्या नुसत्या आवाजावरून त्याला तिचं दुखणं कळायचं. गळती झाली तर आत जाणार तोच, दुसरा कुणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याला होत्या गलमिशा. ओठावरून निघालेल्या, गालांवरून थेट कानापर्यंत गेलेल्या. मास्कची कड त्या केसांवर बसायची. बोळा गालाजवळ नेताच त्याला वास येऊन ठसका लागला.

“काढून या,” मी म्हणाले.

“मिशी न्हाय काढायची, मॅडम. दुसरं काय बी सांगा.”

“हौस घरी करायची.”

“हौस न्हाय.”

मागं कुणीतरी हसलं आणि माझा तोल गेला. “उद्या आत पडलात तर काय मिशीला धरून ओढत बाहेर काढायचं तुम्हाला?”

सगळं शेड खदखदून हसलं. तो हसला नाही. त्यानं मास्क फडक्यानं पुसला, कॅनवर नीट ठेवला आणि निघून गेला.

चहाच्या सुट्टीत मी कॉम्प्रेसरच्या खोलीशी गेले. “रुसलात?” म्हटलं.

“रुसायला मी काय नवरदेव हाय?” त्यानं हात पुसले. मग म्हणाला, “मॅडम, आमचे तात्या हायत अजून.”

एवढंच बोलून तो परत मशीनकडं वळला. तात्या म्हणजे त्याचे वडील, हे मला माहीत होतं. पण त्यांचा मिशीशी काय संबंध ते काही डोक्यात शिरलं नाही. घरी जेवताना मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. माझे वडील जेवायचे थांबले.

“त्यांच्यात बाप गेल्यावर मिशी काढतात,” ते म्हणाले. “बाप जिवंत असताना काढली, म्हणजे त्यानं बापाला जित्तेपणी मारला.”

आमच्या घरात आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, तेव्हाच दहावा-तेरावा, डोकं भादरणं सगळं सुटलं. मी ते पाहिलेलंच नव्हतं. म्हणून फणकाऱ्यानं म्हणाले, “अंधश्रद्धा आहे. आपण सोडलीच ना?”

“सोडली. पण आपण बसून, विचार करून, आपल्या आपण सोडली. कुणी चौदा माणसांत हसं करून सोडायला लावली नव्हती.”

मी ताट बाजूला सारलं. शरम वाटली, आणि ती वडिलांसमोर वाटली म्हणून जास्त वाटली.

वर्गात बोलले होते, तेव्हा माफीही दुसऱ्या दिवशी वर्गातच मागितली. तो संकोचून म्हणाला, “असू द्या, मॅडम, तुमी काय वाईटासाठी बोलला न्हाय.” पण मिशी होती तिथंच होती आणि गॅसला माझी माफी कळणार नव्हती. मग आमचा बाजार सुरू झाला. कापायची चालते ना? चालते, साफ करायची नाही. तो रोज संध्याकाळी न्हाव्याकडं जायचा, रोज एक बोट सोडायचा आणि सकाळी मी बोळा फिरवायची. कानापासून गालापर्यंत गेली, गालापासून ओठाच्या टोकापर्यंत. आठवडा संपता संपता नाकाखाली दोन बोटं उरली.

“ह्याला मिशी म्हनत्यात व्हय?” तो आरशात बघून म्हणाला. “ही ठेवण्यापरीस नसल्याली बरी. पन नसल्याली चालत न्हाय.”

बोळ्याचा वास आला नाही. तळहाताच्या परीक्षेत मात्र मास्क चिकटला आणि क्षणभरानं बारीक फुस्स झालं. त्याचा चेहरा वाळका, गाल बसलेले, आमच्याकडं एकाच मापाचे मास्क; श्वास ओढला की कड आत सरकून मिशीच्या टोकांवर टेकायची. मी परत करायला लावलं, परत तसंच. मी त्याच्याकडं बघितलं, त्या दोन बोटांकडं बघितलं आणि वहीत त्याच्या नावापुढं ‘योग्य’ लिहिलं. पेन्सिलीनं. बाकी तेरा जणांचं पेनानं लिहिलं होतं.

तो सुट्टीला गावी गेला. मला दोन दिवस ती पेन्सिल टोचत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पळसदेवहून दुधाचा टेम्पो आला. कॅनच्या मधून एक म्हातारा काठी टेकत उतरला. पांढरं धोतर, पागोटं आणि अगदी तशाच गलमिशा, फक्त पिकलेल्या. मागून आमचा ऑपरेटर, मान खाली घातलेली.

“मिशी कापायला लावनारी बाई कोन?” म्हाताऱ्यानं विचारलं.

मी पुढं झाले. आता बोलणी खायची तयारी ठेवली होती.

“गावात पोरं टवाळी करत्यात ह्याची. इचारलं तर सांगंना. मंग दमच दिला, तवा बोलला.” तात्या कॅनवर बसले. “मला दावा तुमचा मास्क.”

मी दाखवला. कड दाखवली, डबी दाखवली. आत गॅस कोंडला तर काय होतं ते त्यांनी विचारलं, तेही मी सांगितलं, काही हातचं न राखता. त्यांनी मास्क स्वतःच्या तोंडाला लावून बघितला, मग खाली ठेवला.

“ही दोन बोटं ऱ्हायली, तर बसतंय का नीट?”

मुलगा माझ्याकडं बघत होता. ‘बसतं’ म्हणावं असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, आणि तसं वहीत लिहिलेलंही होतं.

“नाही,” मी म्हणाले. “थोडी हवा येते.”

“आन समदी काढली तर?”

“मग नाही येणार.”

तात्यांनी मान डोलावली. “न्हावी बोलवा.”

“तात्या, न्हाय,” मुलगा म्हणाला.

“का रं? बाप मेल्यावर काढत्यात म्हनून? बाप हितं बसलाय. बघ की माझ्याकडं. माझ्या देखत काढ, म्हंजी कोन काय बोलायचं न्हाय.”

नाक्यावरचा न्हावी धोपटी घेऊन आला. गेटजवळच्या लिंबाखाली मुलगा बसला, समोर काठीवर हनुवटी टेकून बाप. सगळे कामगार काम सोडून उभे होते, पण एकही हसला नाही. वस्तरा फिरला तेव्हा मुलानं डोळे मिटले. बापानं मिटले नाहीत. झाल्यावर ते उठले, त्याच्या ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “लहान असताना असाच दिसायचा.” मग मला म्हणाले, “घ्या तुमची परीक्षा.”

मास्क गालांना घट्ट चिकटला, सोडेना. मी पेन्सिलीचं खोडलं आणि पेनानं लिहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी कॉम्प्रेसरच्या खोलीत व्हॉल्व्हजवळ जोराची गळती झाली. माणसं साडीची पट्टी बघून वाऱ्याला आडवी पळाली. आमचा ऑपरेटर चष्मा आणि मास्क लावून, कमरेला दोर बांधून आत गेला. दोराचं दुसरं टोक धरून दोघं मास्क घालून दारात. मी बाहेर उभी राहून आकडे मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. तो आला, मास्क काढला आणि म्हणाला, “काय बी वास न्हाय आला, मॅडम.” मी त्याच्यावरच ओरडले, इतका वेळ का लावला म्हणून. मग आम्ही चहा प्यायलो.

त्यानंतर त्यानं मिशी ठेवली नाही. वर्षं गेली, तात्यांनी अंथरूण धरलं. मीच एकदा भीतभीत सुचवलं, की काही दिवस दुसऱ्या कामावर जा, मिशी वाढू द्या.

“बापाच्या उशाशी बसून मिशी वाढवू, मॅडम? कशासाठी वाढवतोय ते त्यांना कळंल की.”

तात्या गेले. दहाव्याला आम्ही डेअरीतून पाचसहा जण पळसदेवला गेलो. धरणाचं पाणी उतरलं होतं, त्यात बुडालेलं जुनं देऊळ अर्धं वर आलेलं. बायका जरा लांब उभ्या होत्या, मी त्यांच्यात. न्हाव्यानं भावकीतल्या पुरुषांची डोकी केली, मिशा काढल्या. आमच्या ऑपरेटरचं डोकं झाल्यावर त्यानं सवयीनं हनुवटी धरून वर केली आणि वस्तरा ओठाशी नेऊन थांबला. तिथं काही नव्हतं. एवढा जाणता माणूस, आणि बापाला द्यायला त्याच्याकडं तेवढंही उरलं नव्हतं. ते मी काढून घेतलं होतं. मला रडू आवरेना.

“ती ऱ्हाऊ द्या,” तो न्हाव्याला म्हणाला. “ती तात्यांनी सवता बसून करून घेतलीया.”

मग तो उठला आणि पाण्यात उतरला.