मामाजींची अर्धी पार

फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात खरबुजांचा वास घेत उभा होतो. साळा बोलत होता. ‘भाऊजी, बाबा गेले…’ मग म्हणाला, ‘सकारी तलावाच्या पारीवर जाऊन आले. झाडाले चारं पिकून राहिली म्हणून सांगतलं, चहा घेतला, अन् बसल्या बसल्या…’ मी खरबूज तसंच हातात घेऊन स्टेशनवर पोचलो, पैसे न देता. नऊ आठवडे झाले त्याला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. दरेकश्याच्या पुढं जंगलाला टेकून त्यांचं गाव. आमच्याकडं सासरा जावयाचे पाय धुतो. मामाजींनीही धुतले, लग्नात, एकदा. पुढच्याच उन्हाळ्यात मी मानानं पाहुणचाराला गेलो, तर त्यांनी माझ्या हाती पोतं दिलं आणि जंगलात नेलं. मला वाटलं, आंबे असतील. पायवाटेच्या कडेला ते वाकले आणि एका काळ्या, वाळत आलेल्या ढिगाकडं बोट दाखवलं.

‘अस्वलाचा गू आहे, जवाईबापू. भरा.’

पुण्याकडच्या वाचकांनी माफ करावं. आमच्याकडं वस्तूला तिच्याच नावानं हाक मारतात. मी विचारलं, ‘पण कायले?’

‘बिया आहेत न त्याच्यात. तेंदू, चार, बहावा. मानूस कच्चंच तोडते, अस्वल पिकलेलं पाहून खाते. त्याच्याएवढा पारखी तालुक्यात नाई.’

कारण गंभीर होतं. गावच्या बोडीची पार, म्हणजे त्या लहान तलावाचा मातीचा बांध, उघडी पडली होती. जुनी झाडं केव्हाच तुटली होती आणि दर पावसात पारीची माती वाहून जात होती. ग्रामसभेत निलगिरी लावायचं ठरत आलं होतं. लवकर वाढते, गुरं तोंड लावत नाहीत. मामाजी उभे राहिले. ‘जिच्याखाली गाय बसत नाई, जिच्यावर पाखरू घर बांधत नाई, ते झाड कायचं? आपल्या जंगलातली झाडं लावा.’ त्या पारीवर त्यांच्या आज्यानं डोक्यावरून माती वाहिली होती. शेवटी सरपंच म्हणाले, ‘अर्धी पार तुमची. रोपं जगली तर ठीक, नाई तर तिथंही निलगिरी.’ लोक हसले. मामाजी हसले नाहीत.

त्या वर्षी घरापुढच्या छपरीत रोपांच्या दोनशे पिशव्या लागल्या, बहुतेक तेंदूच्या, आणि रोपं वितभर झाली. पुढच्या उन्हाळ्यात मामाजी डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेले आणि महिनाभर बहिणीकडं राहिले. मला सुट्टी होती. ‘तुमी सायन्सचे मास्तर,’ ते जाताना म्हणाले, ‘तुमाले समजते.’ नववीला मी वनस्पतीच शिकवतो. तर आठवड्याभरात रोपांची पानं झडली. मी दुप्पट पाणी घातलं. देठ वाळले. मग मी चष्मा लावून, शास्त्रीय पद्धतीनं, सगळी रोपं मेल्याचा निर्वाळा दिला आणि म्हाताऱ्याला पाहून त्रास नको म्हणून पिशव्या नेऊन उकिरड्यावर टाकल्या. सांत्वनाचे दोन शब्दही पाठ करून ठेवले.

मामाजी काळा गॉगल लावून परतले. छपरी रिकामी. मी पाठ केलेलं बोललो. जावयाला रागावता येत नाही, म्हणून ते नुसतेच उकिरड्याकडं गेले, एक पिशवी उचलली आणि टर्रकन फाडली. आत बोटाएवढं जाड, काळं मूळ पिशवीला दोन वेढे देऊन बसलं होतं. त्यांनी नखानं साल खरवडली. आतून ओलं.

‘तेंदू असाच आहे. काई वर्षं वरून वाळते, खालून चालत राह्यते.’ मग म्हणाले, ‘मास्तर, पोरं नापास करताना तरी खालचं पाहात जा.’

उकिरड्यातून दोनशे पिशव्या मी एकट्यानं उपसल्या. आषाढ लागताच आम्ही पारीवर काड्या पुरल्या आणि गावभर झालं की मास्तर काड्या पेरून राहिला. मामाजी रोज जात. मी गोंदियात झोप उडवून बसलो होतो. माझ्यापायी त्यांची अर्धी पार जाणार होती. तीन आठवड्यांनी निरोप आला, फक्त ‘या.’ गेलो. पहिल्या काडीच्या बुडाशी तांबूस, मखमली पान. दुसरीच्याही. मग मी पारीवरून धावतच सुटलो, मोजत, मध्येच चुकत, परत पहिल्यापासून मोजत. बोडीवर धुणाऱ्या बायका धुणं थांबवून पाहत होत्या. साठेक मेली. बाकीची सगळी फुटली होती…

पंधरा वर्षांनी आज त्या अर्ध्या पारीवर पालापाचोळ्यानं माती धरली आहे, खाली गुरं रवंथ करतात, उन्हाळ्यात बायका चारं वेचून चारोळी काढतात. उरलेल्या अर्ध्या पारीवरची निलगिरी दोनदा तोडून झाली आणि माती अजून वाहते. मामाजींच्या तेरवीला आताच्या सरपंचबाई म्हणाल्या, ‘निलगिरी काढून टाकू. पन तेवढी रोपं करन कोन?’ सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

सासूबाई म्हणाल्या, ‘हेच करतीन. काय करायचं नाई, ते ह्यायलेच ठावं आहे.’

मे महिन्यात जंगलात त्याच पुढं चालल्या, सत्तरीच्या, अनवाणी. मी पोतं घेऊन मागं. आता आमच्या तिसऱ्या माळ्यावरच्या बाल्कनीत तीनशे पिशव्या आहेत. खालच्या मजल्यावरचे गुप्ताजी वर येऊन गेले. ‘मास्टरजी, ये बदबू कहाँ से आ रही है?’ म्हटलं, ‘भालू से.’ तेव्हापासून नमस्कार लांबूनच करतात.

मामाजी रोज सकाळी, चहाच्या आधी, छपरीत पिशव्यांसमोर उकिडवे बसत. दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून. ते असे का बसत हे मला कधी कळलं नव्हतं. आज पहाटे बाल्कनीत एका पिशवीतली माती मध्यभागी नाण्याएवढी उचलली गेलेली दिसली, तडा गेलेली, आणि उकरून पाहायला माझं बोट आपोआप पुढं झालं. मी बायकोला हाक मारली. ती आली, वाकली, आणि उकिडवी बसली. तिनं आधी स्वतःचे हात गुडघ्यांखाली दाबले. मग माझे.