आमचे व्याही आणि चौदा नंबर

आपल्या टीमच्या हरण्यावर एवढा जीव टाकणारा माणूस सगळ्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो आमच्या लेकीचा सासरा आहे. नागपूरला सरकारी खात्यात रस्ते बांधून निवृत्त झालेले हे गृहस्थ गेले तीन हिवाळे अमेरिकेच्या पूर्व टोकाला, हर्नडनला मुलाकडे येत होते. मीही तेव्हा लेकीच्या मदतीला तिथंच असे. जावई आणि लेक ऑफिसला, नात शाळेत, घरात आम्ही दोघंच. मुलीकडची मी. व्याह्यांसमोर हो-नाहीपलीकडे बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांना मात्र ऐकायला माणूस लागे, आणि विषय एकच, इथली बास्केटबॉलची टीम.

ही टीम सारखी हरायची. ती हरली की व्याही टाळी वाजवीत, जिंकली की जेवताना पोळी मोडून नुसते बसून राहत. आधी मला वाटलं, थंडी बाधली असेल. मग एका सकाळी त्यांनी मी भाजीसाठी धुऊन ठेवलेले बटाटे ओट्यावर रांगेत मांडले आणि म्हणाले, "हे बघा विहीणबाई, याला ड्राफ्ट म्हणतात. कॉलेजातली नवी पोरं दरसाल टीमांनी वाटून घ्यायची. जी टीम जास्त हरली, तिला पहिला बटाटा उचलायची संधी जास्त. मग आत्ता काय करायचं? हरायचं. अर्धवट हरून उपयोग नाही, मन लावून हरायचं." मी हो म्हटलं. ती रांग मोडायची मला हिंमत झाली नाही. त्या दिवशी घरात वांग्याची भाजी झाली. एकदा टीम चुकून जिंकली आणि नात "आजोबा, वी वन!" करत नाचू लागली, तर हे कपाळाला हात लावून म्हणाले, "घात झाला गं बाळा."

त्यांचा दुसरा ध्यास ट्रेडचा. आपला तयार खेळाडू दुसऱ्या टीमला द्यायचा आणि बदल्यात त्यांची कोवळी पोरं किंवा ड्राफ्टमधली त्यांची पाळी घ्यायची. हे ते घरातही चालवीत. लेकीनं पाच वर्षं जपलेली कढीपत्त्याची कुंडी त्यांनी शेजारच्या गुजराती काकूंना देऊन टाकली आणि बदल्यात बोटभर उंचीची दोन रोपं आणली. "दोन वर्षांनी बघा, घरात जंगल होईल." आम्ही सगळा हिवाळा कढीपत्त्याशिवाय आमटी खाल्ली. एक रोप जानेवारीतच गेलं. तेव्हा म्हणाले, "होतं असं. ड्राफ्टमधली सगळीच पोरं टिकत नाहीत." लेक माझ्याकडे बघून दात-ओठ खात होती. मी खाली मान घालून लसूण सोलत होते.

टीममध्ये एकच जुना माणूस उरला होता. त्याचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. पाठीवर चौदा आकडा, उजव्या गुडघ्याला काळा पट्टा, आणि सगळे माना टाकून उभे असले तरी हा एकटा चेंडूमागे धावायचा. व्याह्यांच्या वहीत सगळ्यांची वयं, उंच्या आणि दुखणी लिहिलेली होती. चौदा नंबरपुढे त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात लिहून ठेवलं होतं, गुडघा जायच्या आत देऊन टाका. मला वाचूनही दाखवलं होतं. पण तो पडला की हे स्वतःचा उजवा गुडघा दाबून धरत. मी न विचारता तेल गरम करून वाटी त्यांच्यापुढे ठेवत असे.

ट्रेडलाही मुदत असते. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी तीनला ती संपते, मग त्या मोसमात कुणाला कुणी देऊ शकत नाही. त्या दिवशी व्याही सकाळी सातलाच आंघोळ करून जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर फोन, शेजारी वही. "आज जातो बघा चौदा नंबर. जायलाच पाहिजे." बारा वाजता म्हणाले, "पण त्याच्या बदल्यात नीट काही मिळायला हवं ना? असा कसा कुणालाही द्यायचा?" दोनला म्हणाले, "नाही गेला तरी तसं काही बिघडत नाही म्हणा." पानातला वरणभात तसाच निवला होता. मी देवापुढे जाऊन उभी राहिले, पण मागावं काय तेच कळेना. जाऊ दे म्हणावं तर यांचा चेहरा आठवे, राहू दे म्हणावं तर यांची वही.

पावणेतीनला त्यांनी फोन उपडा ठेवला. पुन्हा सुलटा केला. घड्याळाचा मोठा काटा बारावर आला, पुढे सरकला, आणि काहीच झालं नाही. व्याही एकदम उठले. "राहिला! मूर्ख आहेत लेकाचे, एवढी संधी घालवली!" शिव्या देत होते आणि तोंडभर हसत होते. चहा मागितला, उभ्या-उभ्याच दोन लाडू खाल्ले.

तीन वाजून वीस मिनिटांनी जावयांचा फोन आला. "बाबा, गेला हो! तीनच्या आधीच डील झालं होतं, न्यूज आत्ता आली. दोन यंग प्लेअर आणि ड्राफ्टमधला एक फर्स्ट राउंड पिक. तुम्ही म्हणत होता अगदी तसंच! पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाला पाठवलाय. घड्याळसुद्धा तीन तास मागे तिथं."

"हो का," व्याही म्हणाले. "उत्तम झालं." आणि फोन ठेवला.

त्यांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मुलं असतील हो त्याची शाळेत. वर्षाच्या मधेच तिथनं नाव काढायचं."

मी ओटा पुसत होते. कसं तोंडून निघालं देव जाणे, मी म्हटलं, "बायको बांधाबांध करत असेल आता. मुलांचं काय न्यायचं ते आधी बघत असेल."

एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली. "स्वेटर मागे ठेवील. तिथं एवढे लागत नाहीत."

एप्रिलमध्ये ते नागपूरला परत गेले. तोपर्यंत टीम हरतच होती, आणि ते वहीत नव्या पोरांच्या उंच्या लिहीतच होते. फक्त संध्याकाळी जेवताना मधेच घड्याळाकडे बघून म्हणत, "तिथं अजून दुपारच आहे." लेक विचारी, "कुठं, बाबा?" ते पोळीचा घास मोडत. मला ठाऊक असे. मी त्यांच्या पानात गरम पोळी वाढत असे.