कोपराचं माप

साठच्या दशकात मी सिल्वासाला मोठ्या भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. तो प्रशासनाच्या कचेरीत कारकून, मी खेरडीच्या शाळेत शिक्षिका. शाळेच्या वेळेला बस नव्हती, म्हणून सायकल. नोकरी त्याला खपत नव्हती. सायकल तर डोळ्यांत सलायची.

मुरमाच्या रस्त्यावर मी दोनदा घसरले. दोन्ही वेळा उजवं कोपर फुटलं. दुसऱ्या वेळी जखम चिघळली, हात गळ्यात बांधावा लागला. तेव्हा भावाने अट घातली.

"पुन्हा या कोपरातून रक्त आलं की सायकल बंद. मग नोकरीही बंद. आईला मी तसं कळवलंय."

सायकलीची किल्ली खिळ्याला असायची. त्या दिवसापासून ती त्याच्या खिशात गेली. सकाळी तो द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा आणि बाही वर करायला लावून कोपर बघायचा.

कोपराला संरक्षक पट्टे विकत मिळतील असं दुकान गावात नव्हतं. बाजारातल्या गुजराती शिंप्याकडून शिवून घ्यायचं ठरवलं. बायकांच्या अंगाला तो टेप लावत नसे. घरून मापाचा ब्लाउज पाठवायचा, त्यावर तो कापड बेतायचा. वहिनीने त्याच रिवाजाने माझा कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज पाठवला. पट्टे आले. हात सरळ सोडून घातले तर अगदी अंगासरसे बसले.

"दागिना तर छान मिळाला," वहिनी म्हणाली.

सायकलीवर हँडल धरलं, हात वाकला आणि पट्टा ताणून दंडाकडे सरकला. कोपराचं हाड उघडं पडलं. बाही सरळ हाताची असते. सायकलीवर हात वाकलेला असतो.

शनिवारी मी स्वतः दुकानात गेले.

"बेन, तुम्ही कशाला आलात? मापाचा ब्लाउज आहे ने माझ्याकडे," शिंपी म्हणाला.

मी टेप मागितला. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून वाकवले आणि माप घ्यायला सांगितलं. त्याने मान फिरवली. मग टेपचं एक टोक मी दातांत धरलं आणि माप मीच घेतलं, हाडाच्या वर आणि खाली. त्याने दोन नमुने दाखवले. एक कापूस भरलेला, जाड, दिसायला भक्कम. पण तो घातल्यावर हात वाकेना, ब्रेक कसा दाबणार? दुसरा पातळ, आत नमदा म्हणजे दाबलेली लोकर, वरून सायकलीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. तो निवडला. इलॅस्टिकखाली एक बोट जाईल एवढी जागा ठेवली, नाहीतर मुंग्या येतात.

बातमी माझ्याआधी घरी पोचली.

"भर बाजारात शिंप्यापुढे हात पसरून बसलीस?" भाऊ म्हणाला. "कचेरीत मला विचारतात."

"काय विचारतात?"

"तोंड वर करून बोलू नकोस."

आठवडाभर तो माझ्याशी किल्लीपुरतंच बोलला.

मग नवे पट्टे घालून खेरडीहून परतताना बैलगाडीला वाट देताना मी तिसऱ्यांदा पडले. उजव्या अंगावरच. उठले, सायकल सरळ केली, घरी आले. भाऊ ओट्यावर उभा होता. किल्ली घेऊन खिशात टाकताना त्याने वाकलेलं मडगार्ड पाहिलं.

"पडलीस."

"हो."

"बाही वर कर."

मी पट्टा सोडला. ट्यूबचा तुकडा फाटून लोंबत होता, त्याला मुरूम चिकटला होता. खाली जुन्या जखमेचा व्रण होता, तसाच. भावाने हात धरून उजेडाकडे वळवला, कोपर दाबून पाहिलं. रक्त नव्हतं. मग त्याचं लक्ष माझ्या साडीकडे गेलं. गुडघ्यापाशी लाल डाग पसरत होता.

"आणि हे?"

"अट कोपराची होती."

वहिनी दारातून आत निघून गेली. भावाने खिशातून किल्ली काढली आणि खिळ्याला अडकवली. माझ्या हातात दिली नाही.