अकरा ट्रे

घड्याळकाकू हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला घड्याळातलं काही कळत नसणार. सातची पाळी आणि बाई साडेपाचला हजर. याला काय वेळ पाळणं म्हणतात? पण हॉस्पिटलच्या तळघरात सगळे कौतुकानेच म्हणायचे, आणि काकूही हसून घ्यायच्या. हसल्या नसत्या तर कोणीतरी विचारलं असतं, इतक्या लवकर का येता?

काम ऑपरेशनच्या अवजारांचं. धुऊन आलेली अवजारं तपासायची, ट्रेमध्ये लावायची आणि जंतू मारायला वाफेच्या मशीनला द्यायची. एका ट्रेमध्ये साठ-पासष्ट नग, कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी. प्रत्येक नग दिव्याखाली धरून बघायचा, त्याचा सांधा उघडझाप करायचा, यादीवर खूण करायची, मग अख्खा ट्रे निळ्या कापडात गुंडाळून पट्टी मारायची. एक नग कमी भरला तर वर ऑपरेशन खोळंबतं. तेव्हा इथे उरकून टाकायची सोय नाही.

पाच वर्षांपूर्वी काकूंच्या बोटांचे सांधे धरले. पकडी उघडताना डोळ्यांत पाणी यायचं. पूर्वी पाळीत दहा ट्रे व्हायचे, ते नऊवर आले, आणि काकूंचं धाबं दणाणलं. घरात एकटीचा पगार, नवरा बस चालवून चालवून पाठीने अधू झालेला, निवृत्तीला आठ वर्षं बाकी. मग त्यांनी चौकीदाराला गोड बोलून दार उघडून घ्यायला सुरुवात केली. साडेपाच ते सात गुपचूप काम करायचं, सातला जाऊन हजेरीच्या मशीनवर कार्ड दाबायचं, की हिशेबाला बाई आत्ता आली. आणि घाबरलेलं माणूस नेहमी जरा जास्तच करतं. दहा पुरले असते, काकूंनी अकरा केले. मोठ्या सिस्टर या विभागाच्या मुख्य. त्यांनी रोजच्या कामाच्या फळ्यावर तो आकडा बघितला आणि खालीच लिहून टाकलं, पाळीला अकरा ट्रे, सर्वांना लागू. बास, आता मागे फिरायची वाटच उरली नाही.

पाच वर्षं त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग एका सोमवारी भिंतीवर कागद लागला. कामाच्या वेळेचे नवे नियम, कच्चा मसुदा. कार्ड दाबल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. पाळीच्या दहा मिनिटं आधी दार उघडेल, त्याआधी नाही. जादा काम आधी लेखी परवानगी घेऊनच. खोटी वेळ नोंदवणाऱ्यावर कारवाई, आणि माहीत असून गप्प बसणाऱ्यावरही. शुक्रवारी बैठक, दर विभागाने आपला सर्वांत जुना माणूस पाठवावा.

"आपल्याकडून तुम्हीच जा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "वेळेच्या बाबतीत तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?"

 काकू "हो सिस्टर" म्हणाल्या आणि हातातली कात्री चुकीच्या ट्रेमध्ये ठेवली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, नियम तर चांगलाच आहे. फुकटात राबवून तरी घेणार नाहीत."

"अहो, चांगलाच आहे. म्हणूनच तर मेले."

"सांगून टाक सिस्टरना."

"आणि बोटं बघून त्यांनी घरी बसवलं तर? तुमची पाठ कामाला जाणार आहे का?" असं बोलायला नको होतं हे काकूंना बोलता बोलताच कळलं. तो कूस वळवून झोपला. काकू रात्रभर आढ्याकडे बघत पडून राहिल्या.

चौकीदार तर बैठकीपर्यंतही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्याने दाराआडूनच हात जोडले. "काकू, माझी पण नोकरी आहे." बाहेरच्या बाकावर काकू दीड तास बसून राहिल्या, मांडीवर हात चोळत. त्या दिवशी तीन वाजता पाळी संपली तेव्हा फळ्यावर त्यांच्या नावापुढे नऊ होते. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या चिमणी नावाच्या पोरीचेही नऊच होते, पण काकूंना दुसऱ्याचं बघायची शुद्ध कुठली? सिस्टर वर गेल्या होत्या, संध्याकाळी येऊन फळा बघणार होत्या. काकूंनी कार्ड दाबलं, सगळ्यांबरोबर बाहेर पडल्या, कोपऱ्यावरून वळल्या आणि जीव मुठीत धरून मागच्या जिन्याने परत आल्या. दोन ट्रे कसेही करून उरकायचे होते.

मागच्या खोलीचं दार लोटलं तर आत दिवा, आणि दिव्याखाली चिमणी. पुढ्यात अर्धवट लावलेला ट्रे. तिच्या हातातला चिमटा खाली पडला.

दोघींचीही बोबडी वळली. दोघीही चोर, आणि दोघींनाही वाटलं समोर पोलीस उभा आहे.

"काकू, पाया पडते, सिस्टरना सांगू नका," चिमणी रडायलाच लागली. "कार्ड दाबून परत येते मी. तीन वर्षं झाली. नऊच्या पुढे जातच नाही माझा हात. तुम्ही या वयात अकरा करता, आणि मी..."

काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. आतापर्यंतची भीती काहीच नव्हती, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारच्या बैठकीत हजेरी बघणारे साहेब एकेक कलम वाचत होते. माणसं माना डोलवत होती, विभागाच्या मुख्य म्हणून आलेल्या मोठ्या सिस्टरही. जादा वेळेच्या कलमापाशी साहेब म्हणाले, "तळघराचा काही प्रश्न नाही. तिथे अकरा ट्रे पाळीत बसतात."

"नाही बसत," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी "काय?" म्हणून विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच वर्षं, साडेपाच, चौकीदाराचं नाव न घेता दार, आणि शेवटी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं सांध्यांशी सुजलेली होती. ती लपवायचं त्यांना सुचलंच नाही. चिमणीबद्दल मात्र त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

मोठ्या सिस्टरनी मान वर केली नाही. साहेबांनी अकरावर काट मारून नऊ लिहिलं. काकूंनी हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवायचे, तोवर ट्रेला शिवायचं नाही, नुसत्या याद्या तपासायच्या. पुढचं रिपोर्ट आल्यावर बघू, म्हणाले. बघू म्हणजे काय, हे विचारायची काकूंची छाती झाली नाही.

खाली आल्यावर त्यांनी चिमणीला गाठलं आणि सगळं खरं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पोर सुटल्यासारखी हसेल. चिमणी हसली नाही. तिने हातातला नग हळूच खाली ठेवला.

"म्हणजे मी मंद नव्हते?"

"नाही गं बाळा."

"आणि माझ्या आधीच्या दोघी?"

चिमणीच्या आधी त्याच टेबलावर दोन मुली येऊन गेल्या होत्या. दोघीही नऊवर अडकायच्या. दोन्ही वेळा सिस्टरनी काकूंचं मत विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा काकू खाली बघत म्हणाल्या होत्या, "हात जरा जडच आहे पोरीचा." महिन्याच्या आत दोघींना घरी बसवलं.

"त्यांना कोणी सांगितलंय का काकू?" चिमणीने विचारलं. "की त्या मंद नव्हत्या म्हणून?"

"नाही," काकू म्हणाल्या.