डुलण्याला इंग्रजीत काय म्हणतात?

शिकवलेले शब्द आमच्या वर्गात फार टिकत नाहीत. आज फळ्यावर लिहिला, उद्या गेला. पण त्या शब्दापायी जो गोंधळ झालेला असतो, तो मात्र सगळ्यांना तोंडपाठ! सोलापुरात मी दुपारी चार ते पाच इंग्रजी बोलायला शिकवते. विद्यार्थी सगळे साठीच्या पुढचे, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी परदेशात. हे किस्से एकाच आठवड्यातल्या शब्दांचे आहेत. मी त्या आठवड्यात चालताना तोल जाण्याचे शब्द घेतले होते. का घेतले, ते आता मलाही आठवत नाही.

*

सुरुवात वसंतकाकांनी केली. काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मुलगी कॅनडात. मी 'अनस्टेडी', म्हणजे तोल जातोय असं वाटणे, हा शब्द लिहिला आणि काका एकदम खाली बघून हसायला लागले.

झालं होतं असं की मुलीकडे गेले असताना काकांना एकदा चक्कर आली. मुलीनं डॉक्टरकडे नेलं आणि ती बाहेर फॉर्म भरत बसली. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डू यू फील अनस्टेडी? काकांना वाटलं, शिक्षण विचारतायत. त्यांनी ताठ बसून सांगितलं, "नो मॅडम. आय स्टडी. आयटीआय फिटर. फर्स्ट क्लास."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कुठे शिकलात? मग काकांनी वर्कशॉप सांगितलं, लेथ सांगितली, सुट्टीचा भोंगा सांगितला. होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी संपेपर्यंत सांगितलं. काका म्हणाले, त्या सबंध मुक्कामात मला माझ्याबद्दल विचारणारी ती एकटीच.

*

'स्टॅगर'च्या दिवशी नागमणीअक्का उठल्या. अक्कांच्या घरची बोली तेलुगू. सगळं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं अजूनही मोठ्यानं बोलतात. मी अर्थ सांगितला, झोकांड्या खात चालणे. अक्का म्हणाल्या, नाही, स्टॅगरिंग म्हणजे सुट्टी.

त्यांचंही खरंच होतं. वीज वाचवायला कारखान्यांना आळीपाळीनं सुट्टी द्यायचे, तिला सगळे स्टॅगरिंगच म्हणायचे. मी म्हटलं, हा अर्थ वेगळा, तो वेगळा. अक्कांनी थोडा विचार केला.

"वेगळा कशाला? स्टॅगरिंगच्या दिवशी आमच्या गल्लीतली सगळी माणसं तशीच चालायची की."

वर्ग हसून हसून लोळला. अक्काही हसल्या. मग त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. तेही त्यातलेच. कोपऱ्यावरूनच अक्कांच्या नावानं हाका सुरू व्हायच्या, आणि अक्का लाजेनं दार लावून घ्यायच्या. आता ते नाहीत, माग भंगारात गेले, मुलगा अमेरिकेत. अक्का म्हणाल्या, "आता गल्ली एकदम सरळ चालती. कोण हाक मारत नाही."

*

जब्बारचाचांनी आयुष्यभर ट्रक चालवला. वर्गात ते सगळ्यात कमी बोलतात. 'स्टम्बल' म्हणजे अडखळणे, पाय अडखळतो तशी जीभही अडखळते, असं मी सांगत होते. चाचांनी हात वर केला आणि म्हणाले, माझं दोन्ही एकाच वेळी झालं होतं.

ते अक्कलकोटला मुलगी बघायला गेले होते. उंबऱ्याला पाय अडकला आणि चाचा थेट होणाऱ्या सासऱ्यांच्या अंगावर गेले. सावरता सावरता सलाम करायचा, तर तोंडातून निघालं, "खुदा हाफिज!" आल्या आल्या निरोप! आणि पडद्यामागून कुणीतरी खुदकन हसलं.

चाचा म्हणाले, मुलीचा चेहरा नीट बघितलाच नाही. हसणं ऐकलं आणि हो म्हटलं. पुढं ट्रक घेऊन बाहेर असले की धाब्यावरून फोन करायचे. आणि बोलायला काही नसलं की पहिल्याच वाक्याला खुदा हाफिज म्हणायचे, तिकडून हसणं ऐकायला.

चाची मागच्या वर्षी गेल्या. मुलगी बर्मिंगहॅमला असते, रोज फोन करते. चाचा म्हणाले, "फोन तो अब भी आता मॅडम. वो हँसी किदर मिलती?"

त्या दिवशी मी पुढचा शब्द घेतला नाही.

*

'टॉडल' म्हणजे लहान मूल दुडुदुडु चालतं ते. सगळ्यांना वाक्य करायला सांगितलं. चौघांनी चार नातवंडांवर केलं. वसंतकाकांचं वाक्य होतं, माय ग्रँडडॉटर टॉडल्ड इन मोबाइल. मी म्हटलं, काका, 'इन' नाही, 'ऑन'.

काका म्हणाले, "'इन'च राहू द्या. आतच आहे ती. बाहेर कुठं येते?"

मी खडू ठेवून दिला.

*

आता कालिंदीमावशींचं सांगते. मावशी मूळच्या करकंबच्या, इथं थोरल्या मुलाकडे राहतात. धाकटा ऑस्ट्रेलियात. तिथंच त्याचं लग्न झालं, तिथंच मुलगी झाली, आणि यायचं दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. नात पाच वर्षांची झाली, तिला फक्त इंग्रजी येतं. म्हणून तर मावशी वर्गाला यायला लागल्या.

शेवटी त्याच आठवड्यात एकदाचा मुलगा नातीला घेऊन निघाला. पुण्याहून गाडीनं येणार होता. मावशी मला म्हणाल्या, तुम्ही स्टेशनवर चला, मधे बोलायला कुणीतरी पाहिजे. रिक्षात त्यांनी मला पाठ केलेली सगळी वाक्यं म्हणून दाखवली. प्रवास कसा झाला, भूक लागली का, तू कितवीत आहेस. एकही चूक नव्हती.

गाडी आली. मुलगा उतरला, पाठोपाठ नात. मावशी लगबगीनं पुढं निघाल्या. गुडघे गेल्यापासून त्या दोन्ही बाजूंना झुकत चालतात. नात वडिलांच्या पायामागं लपली आणि तिथून स्पष्ट आवाजात म्हणाली, "डॅडी, व्हाय इज आजी सो वॉब्ली?"

मुलगा शरमेनं लाल झाला. सॉरी म्हण, सॉरी म्हण, असं तिच्या कानाशी पुटपुटायला लागला. मावशी थांबल्या होत्या. पाठ केलेलं सगळं गेलं असावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वॉब्ली म्हंजी काय वं?"

मी म्हटलं, डुलत डुलत चालणं.

मावशींनी पिशवी माझ्या हातात दिली. पाठ फिरवली आणि प्लॅटफॉर्मवर चालायला लागल्या. या बाजूला झुकत, त्या बाजूला झुकत, नेहमीपेक्षा दुप्पट, बदकासारख्या. हमाल बघायला लागले. थोडं पुढं जाऊन त्यांनी मागं वळून नातीकडं बघितलं.

नात हसली. वडिलांचा पाय सोडून निघाली आणि मावशींच्या मागं तशीच, या बाजूला, त्या बाजूला. मावशी आणखी झुकल्या, तीही झुकली. दोघी तशाच गेटकडं निघाल्या. मुलगा बॅगांपाशी उभाच होता.

मावशींची पिशवी घेऊन मी घाईघाईनं त्यांना गाठलं. नात काहीतरी भराभरा विचारत होती, तर म्हटलं, मी सांगते अर्थ.

मावशी न थांबता म्हणाल्या, "म्याडम, तुमी जावा आता घरी."