चाचणी क्रमांक तीन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. वरोऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अम्मी जिन्नांचे किस्से सांगायची आणि मी तिच्या तोंडावर हसायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांसाठी आम्ही काही जण मिळून एक मेल सर्व्हर चालवत होतो. चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या समाजसेविका संध्याबाईंनी एक मेल टाकली की ती चाळीसेक दात्यांना जायची. सर्व्हर भाड्याचा, जेवढी मेमरी जास्त तेवढं भाडं जास्त. वर्गणी जमेना, म्हणून मीच म्हणालो, मेमरी निम्मी करून बघू. काय फरक पडतोय!

एका मंगळवारी मेमरी कमी केली आणि दर अर्ध्या तासाने सगळ्यांना एक मेल पाठवायला लागलो, दर वेळी क्रमांक घालून – "चाचणी एक. दुर्लक्ष करा." दहा दहाला पहिली, दहा चाळीसला दुसरी, अकरा दहाला तिसरी. तिन्ही व्यवस्थित गेल्या. मी खूश होऊन एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर उघडून बसलो. संध्याबाईंना चाचणीचं सांगायचं राहूनच गेलं होतं.

दोन वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला. "सलीमभाऊ, मेल गेली का नाई? बी निगेटिव्ह पायजे. बाळंतीण आहे, रक्त थांबून नाई राह्यलं. कोणाचाच फोन नाई आला."

मी सर्व्हर उघडला. त्यांची अकरा चाळीसची मेल तशीच अडकून पडलेली. मेमरी पुरली नव्हती. एकाही दात्याला ती गेली नव्हती. हे सांगायला लागलो, तेवढ्यात पलीकडून त्याच म्हणाल्या, "थांबा भाऊ... गजाननभाऊ आले."

गजाननभाऊ म्हणजे नागभीडचे फोटो स्टुडिओवाले, बी निगेटिव्ह. एसटीने अडीच-तीन तासांचा रस्ता. बाई वाचली.

संध्याकाळी मी चंद्रपूरला गेलो. गजाननभाऊंना विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

"काऊन, तुमचीच तं मेल आली मले," ते म्हणाले आणि खिशातून प्रिंट काढली. वर माझंच वाक्य – "चाचणी तीन. दुर्लक्ष करा." खाली दोन ओळी. बी निगेटिव्ह, बाळंतिणीचं नाव, वॉर्ड. वेळ अकरा दहा. "चाचणी म्हनता अन् खाली बाईचं नाव. मी म्हनलं, जाऊन तं पाहू. साडेअकराची गाडी धरली."

मी पाठवलेल्या मेलमध्ये त्या ओळी नव्हत्या. बाकी दात्यांना आलेल्या मेलमध्येही नव्हत्या. मेमरी कमी पडली की एका मेलचा मजकूर दुसरीत मिसळू शकतो, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण मिसळायला तो मजकूर असायला तर हवा! ती बाई कोरपन्याकडून जीपने दवाखान्यात पोचली तीच अकरा पस्तीसला. अकरा दहाला तिला कोणता वॉर्ड मिळणार हे दवाखान्यातही कोणाला ठाऊक नव्हतं. घड्याळं तपासली, एसटीचं तिकीट पाहिलं, पुढच्या आठवड्यात नागभीडला जाऊन त्यांच्या इनबॉक्समधली मेलही बघितली. सगळं तसंच. पुढे दोन जाणकारांना दाखवलं, त्यांनाही सांगता आलं नाही. मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी वॉर्डाबाहेर बाळंतिणीची आई बसली होती. संध्याबाईंनी माझी ओळख करून दिली तशी ती उठली आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्या मशीनीनं माही पोरगी वाचवली, भाऊ."

मशीन अडीच तास बंद पडल्यासारखी होती, आणि ती माझ्यामुळे. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं... आणि "काळजी घ्या, बाई" एवढंच म्हणून आलो.