यान खाय-तुंगचा राहिलेला पेपर

यान खाय-तुंग तैवानजवळच्या पेंघू बेटांवरचा. बाप तो शाळेत असतानाच गेला. आईने, श्वे-ओने, अंगणात माकूल मासळी वाळवून आणि विकून त्याला शिकवलं. शिकून तो वैमानिक झाला आणि काओश्युंग शहरातून बेटांवर ये-जा करणाऱ्या, पंख्यांच्या छोट्या विमानांवर लागला. सहा वर्षं तो उजव्या सीटवर बसत होता. विमान दोघांनी मिळून उडवायचं, पण शेवटचा शब्द डाव्या सीटवरच्या कॅप्टनचा. त्या डाव्या सीटवर जायचं तर आधी मोठ्या परवान्याची लेखी परीक्षा द्यावी लागते. विषय पाच.

त्याला शिकवलं कॅप्टन फांगने. अठ्ठावन्न वर्षांचा, मोजकंच बोलणारा माणूस. स्वतःची सुट्टी मोडून तो कंपनीच्या कँटीनमध्ये यायचा, नूडल्सचा वाडगा पुढे ओढायचा आणि प्रश्न टाकायचा. "धावपट्टी ओली, वारा आडवा, वेग आलाय आणि एक इंजिन गेलं. थांबणार की उडणार? माझा वाडगा संपायच्या आत सांग." असे आठ महिने गेले. खाय-तुंगला हवामान यायचं, कायदे यायचे. वजनाच्या आणि धावपट्टीच्या आकडेमोडीत मात्र तो दर वेळी एखादं कोष्टक चुकीचं वाचायचा.

परीक्षा तैपेईत झाली. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. चार विषय सुटले. पाचवा, आकडेमोडीचा, तीन उत्तरांनी गेला. तो बाहेर पायरीवर येऊन उभा राहिला तेवढ्यात आईचा फोन आला. मागे माकूल वाळवायच्या पंख्यांची घरघर.

"झालं का रे, अ-तुंग?"

"झालं," तो म्हणाला. पेपर संपले, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"झालं!" आई ओरडली. "ऐकलंत का? झालं म्हणतोय!" पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"आई, ऐक ना जरा..."

"नंतर बोल, माझे हात ओले आहेत," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

त्याने पुन्हा फोन लावायला हवा होता. परतीच्या गाडीत तो फोन हातात धरून बसला होता, पण आईचा तो आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. उद्या सांगू, असं स्वतःशीच म्हणाला. उद्याचा आठवडा झाला.

आठव्या दिवशी समोरासमोर सांगायचं म्हणून तो गावी गेला. माझू देवीच्या देवळापुढे कळसूत्री बाहुल्यांच्या नाटकाचा मंच उभा होता आणि खांबावर लाल कागद लावलेला होता. 'यान खाय-तुंग वैमानिकाची मोठी परीक्षा उत्तीर्ण झाला, त्याबद्दल देवीच्या चरणी नाटक.' आई हा नवस बोलली होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"या कॅप्टन, या!" शेजारचे म्हातारे खोंगकाका ओरडले. "आता लग्नाचं बघ. की बायकोही लेखी परीक्षा घेऊनच आणणार?"

"ती परीक्षा मी घेणार आहे," आई म्हणाली, आणि सगळे हसले. खाय-तुंगही हसला. नंतर कित्येक महिने त्याला स्वतःचं ते हसणं आठवायचं आणि जेवता जेवता घास हातातच राहायचा.

आईने पेटवलेल्या उदबत्त्या त्याच्या हातात दिल्या. "मी तर सांगितलंच आहे. आता तू तुझ्या तोंडाने सांग देवीला." त्याने ओठ हलवले. शब्द एकही नव्हता. मग पहिल्या खुर्चीत बसून त्याने ते नाटक शेवटपर्यंत पाहिलं.

दोन आठवड्यांनी आई डोळे दाखवायला काओश्युंगला निघाली, ती नेमकी त्याच्याच विमानाने. विमानाच्या जिन्यापाशी कॅप्टन फांग उभा होता. आईने वाळवलेल्या माकुलांची पेटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

"कॅप्टनसाहेब, घरचंच आहे. तुम्ही शिकवलंत म्हणून पोरगं पास झालं."

खरा निकाल ठाऊक असलेल्या फांगने आधी खाय-तुंगकडे पाहिलं. मग वाकून पेटी घेतली. "तुम्ही उगाच त्रास घेतलात," एवढंच म्हणाला.

उड्डाणभर तो कामापुरतंच बोलला. काओश्युंगला विमान थांबलं, प्रवासी उतरले, इंजिनं बंद झाली, तेव्हा त्याने ती पेटी खाय-तुंगच्या मांडीवर ठेवली.

"ही मी कुठे ठेवू, सांग. माझ्या घरी बायको विचारेल कशाबद्दल मिळाली."

"सर, मी सांगणारच होतो..."

"इथे दोन माणसं कशाला बसवतात? एक चुकला तर दुसऱ्याने बोलावं म्हणून. आज तुझ्या आईसमोर मी गप्प बसलो. म्हणजे तुझ्याबरोबर मीही चुकलो. जा, बाहेर बसली असेल ती."

आई दाराजवळच्या बाकावर बसली होती. डॉक्टरची वेळ दीडची होती, अजून दोन तास होते.

"आई, मी पास झालेलो नाही. एक पेपर राहिलाय."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे नाटकाच्या आधी."

"हो."

"मी हातात उदबत्त्या दिल्या तेव्हा?"

"हो."

डोक्याचा रुमाल सोडून तिने पुन्हा बांधला. "नापास झालास त्याचं मला काही नाही रे. चौथीत गणितात नापास झालास तेव्हा मी तुला मासे तळून वाढले होते. पण साऱ्या गावाला आणि देवीला तू माझ्या तोंडून खोटं सांगितलंस."

"चल, आधी डॉक्टरकडे जाऊन येऊ. मग काय बोलायचं ते बोल."

"तू नकोस. माझी मी जाईन." ती टॅक्सीत बसली. परतीचं तिकीट विमानाचं होतं, पण ती बोटीने गेली. तिला बोट लागते, साडेचार तास ओकत गेली असणार. 'पोचले,' एवढाच निरोप आला.

पुढच्या आठवड्यात देवळाच्या खांबावर नवा लाल कागद लागला. 'परीक्षेचा एक विषय बाकी आहे. चुकीचं सांगितल्याबद्दल यान श्वे-ओ क्षमा मागते.' देवळातल्या कारकुनाकडून तिने स्वतः लिहून घेतला होता. त्यावर मुलाचं नाव नव्हतं. खोंगकाकांनी फोन करून सांगितलं, "देवीने नाटक आगाऊ बघून घेतलंय, बाबा. आता तुला नापास होऊन चालायचं नाही." त्यांनी विनोद केला होता. खाय-तुंगला त्या कागदावरचं आईचं एकटीचं नाव दिसत राहिलं.

फांगने पुन्हा वाडगा पुढे ओढला. या खेपेला खाय-तुंगने प्रत्येक कोष्टक बोट ठेवून, मोठ्याने वाचलं. चार महिन्यांनी तो पेपर सुटला. यावेळी फोनवर न सांगता छापील निकाल घेऊन तो घरी गेला आणि कागद आईपुढे ठेवला.

तिने तो उचलला, तोंडाजवळ नेला, मग मान वळवून एकाच डोळ्याने वाचू लागली.

"आई, डोळ्याला काय झालं?"

"काही नाही रे. डावीकडे जरा धुकं असतं."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"मी गेले कुठे? त्या दिवशी टॅक्सी सरळ बंदरावरच नेली. नंतर म्हटलं, पुन्हा तुझ्याच विमानात बसून जायचं, नको."

दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन गेला. डोळ्यात दाब वाढला होता. डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेली होती आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उरलेली टिकवायला थेंब रोज, आयुष्यभर.

"चार महिने आधी आलो असतो तर?" त्याने विचारलं.

"खरं सांगू? सांगता येत नाही. थोडा फरक पडलाही असता, नसताही."

बोटीने परतताना (आता बोटच हवी, असं ती म्हणाली) आई म्हणाली, "सगळं स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. खोटं तुझं होतं. डॉक्टरकडे न जाण्याचा हट्ट माझा होता." तिने हे मनापासून म्हटलं आणि त्यालाही ते पटलं. तेवढ्याने छातीवरचं ओझं मात्र हललं नाही.

दीड वर्षाने तो कॅप्टन झाला. गावाने फटाके लावले, आईने मासे तळले, देवळापुढे नाटक काही झालं नाही. तो विषय दोघांनी काढला नाही. दर तीन महिन्यांनी सुट्टी काढून तो तिला दवाखान्यात नेतो, थेंबांच्या बाटल्या आणतो, रोज सकाळी फोन करून घातले का विचारतो. आत डोळ्याचा दाब मोजतात तेव्हा तो दाराबाहेर उभा असतो.

"आत ये की रे," आई हाक मारते.

"आलो," तो म्हणतो, आणि तिथेच थांबतो.